एकटा सर्व्हर आणि रात्रीची कामे

(मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी, शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पालघर व रायगड जिल्ह्यांतून आलेले पंचायत सदस्य यांच्यापुढे एका संगणक अभियंत्याने खारदांडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



या व्याख्यानाचा विषय कळविल्यावर आपल्यापैकी एका सद्‌गृहस्थांनी मला विचारले, "सर्व्हर डाऊन आहे, हे वाक्य आम्ही नेहमीच ऐकतो. तो डाऊन होऊ नये यासाठी काय करावे, तेवढे सांगा." प्रश्न रास्त आहे. परंतु मला ज्याविषयी बोलावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. सर्व्हर कधी ना कधी बंद पडणार, आणि त्याच्या जागी आपोआप उभा राहील असा दुसरा सर्व्हर आपल्यापाशी नाही, हे मान्य करून पहिला कसा उभारावा, हा माझा विषय होय. लहान पतसंस्था, मच्छीमार संस्था, शाळा, पंचायत यांच्यापुढे बहुधा हाच प्रश्न असतो. दोन सर्व्हर, दोन जागा, दोन वीजजोडण्या आणि त्यांवर अहोरात्र लक्ष ठेवणारा माणूस हा खर्च त्यांच्या आवाक्यात नसतो. म्हणून एकच सर्व्हर घेतला जातो. त्यात गैर काही नाही. गैर होते ते पुढे. सर्व्हर एकटा असतो आणि कारभार मात्र तो कधीच बंद पडणार नाही अशा थाटात चालतो.

येथील बंदरावर उभ्या असलेल्या होड्या मी मघाशी पाहत होतो. या किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान होड्यांना एकच इंजिन असते. दुसरे इंजिन लावून कोणी समुद्रात जात नाही. तरी त्या होडीच्या तांडेलाला कोणी बेफिकीर म्हणणार नाही. इंजिन बंद पडले तर आपण कुठे असू, वारा व ओढ कोणीकडे नेतील, जवळपास कोणाची होडी असेल, याचा हिशेब त्याच्या मनात निघण्यापूर्वीच झालेला असतो. एकट्या सर्व्हरच्या बाबतीत हा निघण्यापूर्वीचा हिशेब कसा करावयाचा, तेवढेच मी सांगणार आहे.

प्रथम हा सर्व्हर करतो काय, ते पाहू. संगणकावरची पुष्कळशी कामे माणसाने समोर बसून करावयाची नसतात. दिवसभराच्या नोंदींची बेरीज करणे, व्याज आकारणे, हप्ता वजा करणे, सभासदांना संदेश पाठविणे, बँकेला पाठवावयाची फाइल तयार करणे आणि शेवटी साऱ्या नोंदींची प्रत घेऊन ठेवणे ही कामे रात्री, ठरलेल्या क्रमाने आणि एकामागून एक व्हावी लागतात. हा क्रम सांभाळणारा, कोणते काम केव्हा व कशानंतर सुरू करावयाचे ते ठरविणारा आणि चुकले तर कळविणारा जो सर्व्हर, त्याला आपण कार्यनियोजन सर्व्हर म्हणू. तो स्वतः व्याज आकारीत नाही. व्याज आकारणाऱ्या संगणकाला 'आता सुरू कर' असे सांगतो आणि काम झाले की नाही याची नोंद ठेवतो.

कल्पना नवी नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळच्या संगणकांना छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे दिले जात आणि ते ओळीने घेतले जात. पुढे १९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीत 'क्रॉन' नावाची छोटी आज्ञावली आली. घड्याळात ठरलेली वेळ झाली की ती ठरलेले काम सुरू करी. आजही असंख्य संगणकांवर ती निमूटपणे चालू आहे. पुष्कळ लहान संस्थांना तेवढीही पुरते, हे मी येथेच सांगून टाकतो. दहा-बारा कामे असतील आणि ती एकाच संगणकावर असतील, तर महागडी प्रणाली विकत घेण्याची घाई करू नये.

क्रॉनला केवळ घड्याळ कळते. आपल्या कामांना मात्र घड्याळ पुरत नाही, हे कोळीबांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. होडी केव्हा काढावयाची हे भरती ठरविते, आणि भरती रोज सरकते. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब जुन्या पिढीला तोंडपाठ असे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उधाण व भांग निराळे, पावसाळ्यातली बंदी निराळी. म्हणजे काम सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: वेळ, आधीची घटना आणि पंचांग. कार्यनियोजन सर्व्हर नेमके हेच जाणतो. 'रात्री दहा वाजता, परंतु दिवसाचा हिशेब बंद झाला असेल तरच, आणि उद्या सुटी नसेल तर' अशी अट त्याला घालता येते.

मोठ्या प्रमाणावर याचे उदाहरण आपल्या खिशातच आहे. रिझर्व्ह बँकेची एनईएफटी ही पैसे पाठविण्याची व्यवस्था १६ डिसेंबर २०१९ पासून वर्षभर, चोवीस तास चालते. परंतु पैसे एकेक करून तत्काळ जात नाहीत. दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ तुकड्यांत व्यवहार पुढे जातात. एक तुकडी चुकली तर पुढच्या अर्ध्या तासाची वाट पाहावी लागते. तेथे अर्थातच एकट्या सर्व्हरवर भिस्त ठेवून चालत नाही.

दुसरा सर्व्हर सज्ज ठेवणे आणि पहिला पडताच त्याने आपोआप सूत्रे हाती घेणे, यास फेलओव्हर म्हणतात. ते असले म्हणजे सर्व चिंता मिटते, असा समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. खारदांड्यापासून फार दूर नसलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्यालय आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास तेथील व्यवहार थांबले ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले, आणि बाजार त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. या संस्थेचे आपत्तीच्या वेळचे पर्यायी केंद्र चेन्नईत होते, तरी कामकाज तिकडे हलविले गेले नाही. पुढच्याच महिन्यात 'सेबी'ने नियम घट्ट केले: आपत्ती आहे की नाही ते अर्ध्या तासात जाहीर करावे आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पर्यायी केंद्रावरून सुरू व्हावे. पर्याय असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याचा निर्णय कोणी, किती वेळात घ्यावयाचा हे ठरलेले असणे ही दुसरी. दुसरी गोष्ट फुकट मिळते. आपल्या एकट्या सर्व्हरसाठीही ती ठरविता येते.

तसेच १२ ऑक्टोबर २०२० चे. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व परिसराची वीज गेली, लोकलगाड्या उभ्या राहिल्या. बाहेरील जाळे कोसळले तर मुंबई त्यापासून वेगळी होऊन आपल्या विजेवर तग धरील, अशी व्यवस्था कित्येक वर्षांपासून होती. त्या दिवशी ती शहराला तारू शकली नाही.

फेलओव्हरचा आणखी एक धोका आहे. दोन्ही सर्व्हर जिवंत, परंतु त्यांच्यामधील तार तुटलेली. दुसऱ्याला वाटते पहिला गेला. तो सूत्रे हाती घेतो. पहिला तर चालूच आहे. एका होडीवर दोन तांडेल! एकच हप्ता दोघेही वजा करतात. हे टाळण्यासाठी तिसरा पंच लागतो, आणि त्या पंचाची देखभाल करणारा माणूस लागतो. ज्या संस्थेत असा माणूस नाही तिने अर्धवट फेलओव्हर बसविण्यापेक्षा एकटा सर्व्हर नीट चालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काही व्यवसायबंधूंना ते रुचत नाही.

आता उभारणीकडे वळू. प्रथम दोन प्रश्नांची उत्तरे संचालक मंडळाने कागदावर लिहून द्यावीत. सर्व्हर बंद पडल्यास किती तास थांबणे चालेल? आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने भरणे चालेल? ही उत्तरे संगणकतज्ज्ञाने द्यावयाची नाहीत. मासळीच्या लिलावाचे पैसे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यावे लागतात की आठवड्याने, हे संस्थेला माहीत. थांबणे मुळीच चालणार नाही, असे उत्तर आले तर एकटा सर्व्हर आपल्यासाठी नाही. पण बहुतेक ठिकाणी, शांतपणे विचारले असता, 'एक दिवस निभावून नेऊ' असेच उत्तर मिळते.

या सर्व्हरचे तीन भाग असतात. एक, निर्णय घेणारी मुख्य आज्ञावली. दुसरा, तिची वही, म्हणजे डेटाबेस, ज्यात कामांच्या व्याख्या व प्रत्येक कामाची आजची स्थिती लिहिलेली असते. तिसरा, इतर संगणकांवर बसलेले तिचे हस्तक, ज्यांना एजंट म्हणतात. एकट्या उभारणीत पहिले दोन एकाच यंत्रावर ठेवले तरी चालते. यंत्र सुरू होताना आधी डेटाबेस व मग मुख्य आज्ञावली, आणि बंद करताना उलट, हा क्रम पक्का असावा.

एजंटांना मुख्य सर्व्हरचा पत्ता आकड्यांत देऊ नये, नावाने द्यावा, आणि ते नावही यंत्राचे नव्हे तर कामाचे असावे. यंत्र बदलले तरी नाव तेच राहते. ते नाव नव्या यंत्राकडे वळविले की सगळे एजंट तिकडे जातात. पुढे कधी संस्थेची ऐपत वाढून फेलओव्हर घ्यावयाचे ठरले, तर हीच एक गोष्ट अर्धे काम वाचविते.

घड्याळाकडे दुर्लक्ष होते. यंत्राचा कालविभाग जागतिक वेळेवर राहिला तर मध्यरात्रीचे काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि सकाळी कार्यालय उघडेपर्यंत ते संपलेले नसते. कारण शोधण्यात आठवडा जातो. सुट्यांचे पंचांगही दर वर्षी, शासनाची यादी निघाल्यावर, कोणी भरावयाचे ते नावानिशी ठरवावे.

एकटे सर्व्हर बहुधा कशाने बंद पडतात? विजेने, आणि डिस्क भरल्याने. प्रत्येक काम आपला अहवाल लिहीत असते. जुने अहवाल कोणी काढीत नाही. एके रात्री डिस्क भरते आणि डेटाबेसला लिहावयास जागा उरत नाही. जुने अहवाल काढून टाकण्याचे काम हेच पहिले काम म्हणून वेळापत्रकात लावावे. विजेसाठी यूपीएस घ्यावाच. तो रात्रभर यंत्र चालविण्यासाठी नसतो. यंत्र नीट बंद करावयास दहा-पंधरा मिनिटे मिळावीत, एवढ्यासाठी असतो. त्याची बॅटरी जुनी झाली की नाही हे कोणी पाहत नाही, ही गोष्ट निराळी.

आता ज्यासाठी मी एवढे बोललो त्या मुद्द्याशी येतो. सर्व्हर पडतो तेव्हा फारसे नुकसान होत नाही. चालू असलेली कामे एजंट बहुधा पुरी करतात, नवी सुरू होत नाहीत, एवढेच. नुकसान होते ते सर्व्हर पुन्हा उठतो तेव्हा.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. एका पतसंस्थेचा असाच एकटा सर्व्हर मी उभारून दिला होता. रोज रात्री अकराला डेटाबेसची प्रत दुसऱ्या यंत्रावर जात असे, याचा मला अभिमानही होता. एका दुपारी डिस्क गेली. मी नवी डिस्क बसविली, आदल्या रात्रीची प्रत चढविली, आणि संध्याकाळी सर्व्हर सुरू करून चहा घेण्यास बाहेर पडलो. त्या प्रतीतल्या वहीत आदल्या रात्री अकरापर्यंतचेच लिहिलेले होते. त्यानंतर मध्यरात्री हप्ते वजा झाले होते, हे तिला ठाऊकच नव्हते. सर्व्हरने प्रामाणिकपणे पाहिले, की मध्यरात्रीचे काम राहून गेले आहे, आणि ते पुन्हा केले. सभासदांच्या खात्यांतून एकच हप्ता दोनदा वजा झाला. कोणाचा धनादेश परत गेला, कोणाच्या मुलाच्या शाळेची फी अडली. पैसे चार दिवसांत परत झाले. परंतु त्या चार दिवसांत काउंटरवर बसलेल्या मुलीने जे ऐकून घेतले, ते माझ्या वाट्याचे होते. यंत्र अगदी बरोबर वागले होते. मी त्याला जुनी वही दिली होती.

तेव्हापासून माझा नियम असा, की प्रत चढविल्यानंतर सर्व्हर प्रथम 'रोखलेल्या' स्थितीत सुरू करावयाचा. सर्व्हर जागा, पण एकही काम सुटत नाही, अशी सोय बहुतेक प्रणालींत असते. ती नसल्यास एजंट बंद ठेवून तोच परिणाम साधता येतो. मग वहीतील स्थिती आणि प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी समोरासमोर ठेवावयाच्या. प्रत्यक्ष काय घडले ते एजंटांच्या अहवालांत आणि खातेवहीत मिळते. जे काम झालेले आहे त्यावर 'झाले' अशी खूण हाताने करावी. जे अर्धे झाले आहे ते वेगळे काढावे. जे राहिले तेच सोडावे, आणि तेही एकदम नव्हे. सहा तास बंद असलेला सर्व्हर उठताक्षणी सहा तासांची कामे एकदम सोडू लागला, तर व्याज आकारणी आणि प्रत घेणे एकमेकांच्या पायांत येतात. काही कामे तर सोडावयाचीच नसतात. सकाळी आठचा 'आज समुद्र खवळलेला आहे' हा संदेश दुपारी चारला पाठवून काय उपयोग? म्हणून प्रत्येक कामाच्या व्याख्येतच लिहून ठेवावे: चुकल्यास उशिरा करावे, की सोडून द्यावे, की माणसाला विचारावे.

याहून चांगला उपाय कामातच आहे. हप्ता वजा करणाऱ्या आज्ञावलीने, वजा करण्यापूर्वी, या सभासदाचा या महिन्याचा हप्ता आधीच वजा झाला आहे काय, ते पाहावे. मग ती दोनदा चालली तरी परिणाम एकदाच होतो. आज्ञावली विकत घेताना ही अट करारात घालावी. अट लहान आहे. विक्रेते ती सहसा आपण होऊन सांगत नाहीत.

प्रतीविषयी दोन शब्द. त्याच यंत्रावर ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. डेटाबेसची प्रत घेतली, पण संकेतशब्द उलगडणारी किल्लीची फाइल घेतली नाही, तर चढविलेला सर्व्हर एकाही एजंटाला हुकूम देऊ शकत नाही. कामांच्या व्याख्या साध्या मजकुराच्या फाइलीत वेगळ्या उतरवून ठेवाव्यात. वाईटात वाईट प्रसंगी त्यांवरून माणूस हातानेही कामे क्रमाने चालवू शकतो.

आणि सर्व्हर पडल्याचे आपल्याला कळणार कसे? एकट्या सर्व्हरची अडचण ही, की तो स्वतःच्या मरणाची वर्दी देऊ शकत नाही. पुष्कळ ठिकाणी सकाळी सहाला 'सर्व कामे ठीक' असा संदेश येतो. तो आला नाही तर काहीतरी बिघडले, असे समजावयाचे असते. पण न आलेला संदेश माणसाच्या लक्षात येत नाही, विशेषतः रविवारी. म्हणून दुसऱ्या एखाद्या साध्या संगणकावर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, सर्व्हर जागा आहे काय एवढेच दर पाच मिनिटांनी विचारणारी आज्ञावली ठेवावी. उत्तर आले नाही की तिने दोन माणसांना कळवावे. एकाला नव्हे, दोघांना.

बिघाड नेहमी आपल्याच यंत्रात असतो असेही नाही. ३१ जुलै २०२४ रोजी, लहान बँकांना तंत्रज्ञान-सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाल्यावर राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून तिला आपल्या व्यवस्थेपासून तोडले, आणि देशातील सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक पुढच्या दिवसापर्यंत अडकून पडले. ज्या संस्थांची फाइल त्या रात्री पुढे जाणार होती त्यांचा सर्व्हर धडधाकट होता. समोरचे दार बंद होते. अशा वेळी सर्व्हरने तीच फाइल रात्रभर पुन्हा पुन्हा पाठवीत बसू नये. तीनदा प्रयत्न करावा, थांबावे आणि माणसाला उठवावे, हेही व्याख्येत लिहिता येते.

शेवटची गोष्ट कागदाची. सर्व्हर कसा उठवावयाचा, त्याचा क्रम एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून सर्व्हरच्या खोलीत लावावा. तो केवळ सर्व्हरवरच ठेवल्याचे मी एका ठिकाणी पाहिले आहे! पान ज्याने लिहिले त्याने ते तपासू नये. संस्थेतील दुसऱ्या कोणाला तरी, शाळेतील संगणक शिकविणाऱ्या बाईंनाही चालेल, ते पान हातात देऊन जुन्या यंत्रावर सर्व्हर उठवावयास सांगावे आणि आपण गप्प उभे राहावे. जेथे त्या अडखळतील तेथे पान दुरुस्त करावे.

येथील संस्थांसाठी याला एक चांगला मुहूर्त आहे. १ जूनपासूनच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिने उघडली जातात, जाळी विणली जातात, आणि संस्थेच्या दफ्तरातही गर्दी कमी असते. त्या काळात एक दिवस ठरवावा. आदल्या रात्रीची प्रत जुन्या यंत्रावर चढवावी, सर्व्हर रोखलेल्या स्थितीत उठवावा, वही जुळवून पाहावी. घड्याळ समोर ठेवावे. पहिल्या वर्षी बहुधा अख्खा दिवस जाईल. लागलेला वेळ तारखेसह त्याच पानाच्या तळाशी लिहावा, आणि संचालक मंडळाने दिलेल्या तासांच्या आकड्याशेजारी तो पुढच्या सभेत ठेवावा.